छाटणारा हात : परात्मतेची मराठी चर्चा आणि तिरोड्याचे उदाहरण

मराठी समीक्षेत 'परात्मता' हा शब्द रुळला तो मुख्यतः कवितेच्या वाटेने. बा. सी. मर्ढेकरांच्या 'काही कविता' (१९४७) आणि 'आणखी काही कविता' (१९५१) या संग्रहांचा अर्थ लावताना यंत्रयुग, महानगर, गर्दी आणि गर्दीत एकटा पडलेला माणूस अशी जी शब्दावली तयार झाली, तिच्याच आधाराने पुढे साठोत्तरी कवितेची आणि कादंबरीची बरीचशी चर्चा झाली. या शब्दावलीने पुष्कळ काही दाखविले, हे मान्य केले पाहिजे. पण तिच्यातून एक गोष्ट हळूहळू निसटली. परात्मता ही संज्ञा मुळात कामाविषयीची आहे. माणूस काय करतो, कोणासाठी करतो, केलेल्या वस्तूचे पुढे काय होते आणि ती बरी की वाईट हे कोण ठरवितो, हे तिचे प्रश्न आहेत. मराठीत ती मनःस्थितीविषयीची संज्ञा झाली.

कार्ल मार्क्सच्या १८४४ च्या हस्तलिखितांत (ती प्रसिद्ध झाली १९३२ मध्ये) परात्मतेचे चार पदर सांगितले आहेत : श्रमाच्या फळापासून, श्रमाच्या क्रियेपासून, माणूसपणाच्या सत्त्वापासून आणि इतर माणसांपासून माणसाचे तुटणे. मार्क्सच्या मांडणीत हे चारही पदर एकातून दुसरा असे निघतात. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मेल्विन सीमन याने १९५९ मधील आपल्या निबंधात मात्र या संज्ञेचे पाच अर्थ वेगळे करून दाखविले. सत्ताहीनता, अर्थहीनता, नियमहीनता, एकाकीपण आणि स्वतःपासूनचा दुरावा हे ते पाच अर्थ होत. सीमनने संज्ञेतला क्रांतीचा दाह काढून टाकला आणि तिला मोजमापाच्या प्रश्नावलीत बसविले, असा आक्षेप त्याच्यावर घेता येतो आणि तो रास्तही आहे. पण त्याच्या विभागणीचा एक उपयोग आहे. हे अर्थ नेहमी एकत्र नांदतातच असे नाही, हे तिच्यामुळे ध्यानात येते. माणूस सत्ताहीन असून एकाकी नसेल. एकाकी असून त्याचे काम अर्थहीन नसेल. मराठी समीक्षेने एकाकीपण आणि स्वतःपासूनचा दुरावा हे दोन अर्थ उचलले व उरलेले त्यांत आपोआप येतात असे धरून चालली.

गिरणी, कचेरी आणि चाळ यांच्या जगात ही गफलत फारशी जाणवली नसती. माहिती तंत्रज्ञानाच्या उद्योगातील माणूस मराठी साहित्यात येऊ लागला तेव्हा ती जाणवू लागते. हा माणूस एकाकी आहे, त्याला रात्री झोप नाही, तो गावापासून तुटला आहे, असे म्हटले की महानगरीय परात्मतेचे तयार लेबल त्याला चिकटविता येते आणि समीक्षकाचे काम संपते. त्याच्या कामाविषयी एक अक्षरही बोलावे लागत नाही. हे लेबल काढून पाहायचे असेल तर महानगराच्या बाहेर, जिथे कामाची मोजणी आणि कामाची छाटणी यांचा अनुभव जुना आहे अशा ठिकाणी उभे राहून पाहणे उपयोगाचे ठरेल. तिरोडा हे असे एक ठिकाण आहे.

तिरोडा हे गोंदिया जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर तुमसर रोड आणि गोंदिया या स्थानकांच्या दरम्यान वसलेले. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत ते भंडारा जिल्ह्यात होते. झाडीबोली, पोवारी आणि हिंदी या तिन्ही बोलण्यांचा हा प्रदेश धानाचा, तेंदूपत्त्याचा आणि विडीचा. गेल्या शतकात गोंदिया हे विडी व्यापाराचे मोठे केंद्र झाले आणि त्याच्या भोवतीच्या तालुक्यांतील हजारो घरांतून विड्या वळल्या जाऊ लागल्या. याच तिरोड्याच्या औद्योगिक क्षेत्रात २०१२ ते २०१४ या काळात प्रत्येकी ६६० मेगावॅटचे पाच संच सुरू होऊन ३३०० मेगावॅटचे औष्णिक विद्युत केंद्र उभे राहिले. विडी आणि वीज यांच्यामध्ये आणखी एक गोष्ट आहे, ती गावात दिसत नाही : इथला मुलगा किंवा मुलगी अभियांत्रिकीची पदवी घेऊन नागपूरच्या मिहानमध्ये, पुण्याच्या हिंजवडीत किंवा बंगळूरला जाते आणि पडद्यासमोर बसते. तीन प्रकारची कामे, आणि पुष्कळदा ती एकाच कुटुंबात.

आधी विडीकडे पाहू. विडीचे काम नुकत्यांचे आहे. ठेकेदाराकडून तेंदूपत्ता आणि तंबाखू मोजून मिळते. पाने भिजवून, पत्र्याच्या फर्म्याने कापून, तंबाखू भरून, वळून, तोंड दुमडून, दोरा बांधून विड्या परत द्यायच्या. मजुरी हजारी दराने. पण हजार विड्या दिल्या म्हणजे हजार विड्यांची मजुरी मिळाली असे नव्हे. ठेकेदाराचा माणूस विड्या चाळतो आणि ज्या त्याला पसंत पडत नाहीत त्या बाजूला टाकतो. या बाजूला टाकलेल्या विड्यांना 'छाट' म्हणतात. छाटीची मजुरी मिळेल की नाही, छाटलेली विडी कोणाची, आणि ती खरोखर वाईट होती की मजुरी वाचविण्यासाठी वाईट ठरविली गेली, हा विडी कामगारांच्या जीवनातील सर्वांत जुना तंटा होय. पगार किती हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

या तंट्याने देशाच्या कायद्याच्या इतिहासात एक जागा मिळविली आहे, आणि ती गोंदियाच्या नावाने. १९५८ मध्ये तत्कालीन मुंबई राज्याच्या सरकारने विदर्भातील विडी उद्योगासाठी किमान वेतनाची जी अधिसूचना काढली तिच्यात दरांबरोबर छाटीविषयीचे नियमही होते. त्यांना गोंदियाच्या विडी, विडीपत्ता व तंबाखू व्यापारी संघाने आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये निकाल दिला की किमान वेतन ठरविण्याच्या अधिकारात छाटीच्या तंट्याचे नियमन बसत नाही. ती कलमे सरकारच्या अधिकाराबाहेरची आहेत. जवळपास त्याच सुमारास, नागपूरच्या एका विडी कारखान्यासंबंधीच्या दुसऱ्या खटल्यात, त्याच न्यायालयाने एक वेगळेच निरीक्षण नोंदविले होते. त्याचा आशय असा की, विडी वळण्यासारख्या साध्या कामात मालकाने कामगाराच्या डोक्यावर दिवसभर उभे राहण्याची गरज नसते. दिवसअखेर न पटलेल्या विड्या नाकारण्याचा अधिकार हाही देखरेखीचाच एक प्रकार असून तो पुरेसा आहे.

हे निरीक्षण कायद्याच्या दृष्टीने कामगाराच्या बाजूचे ठरले, कारण त्यामुळे विडी वळणारा स्वतंत्र कारागीर नसून कामगार ठरला. पण सिद्धांताच्या दृष्टीने त्याचे मोल याहून अधिक आहे. नियंत्रणासाठी डोळ्यांची गरज नाही, नाकारणारा हात पुरे, असे त्यात म्हटले आहे. दूरवरच्या, एकमेकांना न दिसणाऱ्या माणसांकडून काम करून घेण्याची जी व्यवस्था आज संगणकाच्या जाळ्यावर चालते, तिचे हे बीजवाक्य म्हणता येईल. अॅमेझॉनने २००५ मध्ये सुरू केलेल्या मेकॅनिकल टर्क या व्यासपीठावर जगभरची माणसे घरी बसून चित्रांना नावे देणे, मजकूर तपासणे अशी तुकड्यातुकड्यांची कामे करतात; काम देणाऱ्याला केलेले काम नाकारण्याचा अधिकार आहे, आणि नाकारले की पैसे द्यावे लागत नाहीत, काम मात्र त्याच्याकडे जाऊन पडलेले असते. मेरी ग्रे आणि सिद्धार्थ सुरी यांनी 'घोस्ट वर्क' (२०१९) या ग्रंथात अमेरिकेबरोबर भारतातील अशा कामगारांचाही अभ्यास केला आहे. त्यातील हकिकती विडीपट्ट्यातील वाचकाला नव्या वाटणार नाहीत. त्याच्याकडे त्यांच्यासाठी शब्दही तयार आहे.

फरक आहे तो पुढे. १९६१ च्या निकालाने जे कलम बाद झाले ते १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यात दुसऱ्या मार्गाने परत आले. कच्चा माल, विड्यांची नापसंती आणि नापसंत विड्यांची मजुरी यांविषयीच्या तंट्याचा निवाडा एका प्राधिकरणाने झटपट करावा अशी तरतूद त्यात झाली. ती कितपत अमलात आली हा वेगळा विषय आहे. कायद्याच्या जबाबदाऱ्या टाळण्यासाठी पुष्कळ मालकांनी कारखाने मोडून काम घरोघर वाटले, हेही त्या कायद्याच्याच इतिहासाचे पान. तरीही 'ही विडी वाईट नाही' असे म्हणण्याचा हक्क कायद्याने मान्य केला होता. पुढे हा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहितेत सामावला गेला. त्याच वर्षीच्या सामाजिक सुरक्षा संहितेने व्यासपीठावर काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या देशाच्या कायद्यात पहिल्यांदा केली. पण त्याच्या नाकारलेल्या कामाचा निवाडा कोणी करावा याविषयी ती संहिता काही सांगत नाही.

सत्ताहीनतेच्या बाजूने विडी वळणारी आणि पडद्यासमोर बसलेला कामगार असे जवळ येतात. एकाकीपणाच्या बाजूने ते एकमेकांच्या विरुद्ध टोकांना आहेत. विड्या वळण्याचे काम हातांचे. त्यात डोळे आणि हात गुंततात, कान आणि तोंड मोकळे राहते. केरळात कण्णूरच्या विडी कारखान्यांत कामगार आपल्यातल्याच एकाला वाचक म्हणून बसवीत आणि बाकीचे विड्या वळीत वर्तमानपत्र ऐकत. त्याच्या वाट्याच्या विड्या सगळे मिळून भरून काढीत. तिथेच १९६९ मध्ये केरळ दिनेश विडी ही कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली. (या संस्थेने विडीचा धंदा उतरणीला लागल्यावर छत्र्या आणि खाद्यपदार्थ यांच्याबरोबर संगणकसेवेचाही विभाग काढला, हा इतिहासाचा एक मजेदार विनोद.) विदर्भात असे संघटित वाचन झाले असेल वा नसेल; पण सूप मांडीवर घेऊन ओसरीत, अंगणात एकत्र बसलेल्या बायका हे इथले नेहमीचे दृश्य आहे. सासू, सून, शेजारीण आणि शाळेतून आलेली मुलगी, सगळ्या एकाच ढिगाभोवती.

याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तंबाखूची धूळ छातीत जाते, मुलींची शाळा सुटते, हजारी दर किमान वेतनापर्यंत पोचत नाही, आणि 'एकत्र बसणे' हे अनेकदा दुसरे काम नसल्याचेच नाव असते. अनिल अवचटांनी निपाणीच्या तंबाखू वखारींतील स्त्रियांविषयी जे लिहिले त्यानंतर या कामाकडे रम्यपणे पाहणे मराठी वाचकाला शक्य राहिलेले नाही. मुद्दा इतकाच की, श्रमाच्या फळापासून पुरती तुटलेली ही स्त्री माणसांपासून तुटलेली नव्हती. परात्मतेचे पदर एकमेकांपासून सुटे होऊ शकतात याचा हा देशी पुरावा आहे, आणि तो सीमनच्या प्रश्नावलीपेक्षा बोलका आहे.

गिरणगावाची गोष्टही अशीच. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात उभा राहणारा कामगार यंत्राचा गुलाम होता. पण पाळी सुटल्यावर तो खाणावळीत, गावच्या गाळ्यात, भजनी मंडळात आणि युनियनच्या सभेत होता. अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांना श्रोते मिळाले ते तिथे. नारायण सुर्वे यांच्या 'माझे विद्यापीठ' (१९६६) या संग्रहातील कामगार दुःखी आहे, चिडलेला आहे, पण तो एकाकी क्वचितच आहे, ही गोष्ट महानगरीय परात्मतेचे लेबल लावताना समीक्षेने पुरेशी पाहिली नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप हरला, गिरण्या गेल्या, आणि मग जयंत पवारांच्या 'अधांतर' (१९९७) मध्ये काम नसलेले घर रंगमंचावर आले. मराठीत काम पुष्कळदा असे दिसते : ते गेल्यावर. भाऊ पाध्ये यांच्या 'डोंबाऱ्याचा खेळ' (१९६०) सारखा युनियनच्या आतले राजकारण पाहणारा अपवाद सोडला, तर प्रत्यक्ष कामाचे तास आपल्या कथनसाहित्यात फार थोडे आहेत.

आता हिंजवडीकडे वळता येते. भारतीय माहिती तंत्रज्ञान उद्योगाचा आरंभ महाराष्ट्रातच झाला असे म्हटले तरी चालेल. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस मुंबईत १९६८ मध्ये, सांताक्रूझचे निर्यात क्षेत्र १९७३ मध्ये आणि इन्फोसिस पुण्यात १९८१ मध्ये. पाच दशकांहून अधिक काळ गेला. या उद्योगातील श्रमाचा अभ्यास समाजशास्त्राने केला आहे, ए. अनीश यांचे 'व्हर्च्युअल मायग्रेशन' (२००६), कॅरोल उपाध्य आणि ए. आर. वासवी यांनी संपादित केलेला 'इन ॲन आउटपोस्ट ऑफ द ग्लोबल इकॉनॉमी' (२००८) ही उदाहरणे सर्वपरिचित आहेत. अनीश यांचा मुद्दा विशेष महत्त्वाचा : इथे आज्ञा देणारा मुकादम नसतो, नोकरशाहीचा नियमही मागे पडतो, कामाची रीतच संगणकाच्या आज्ञावलीत अशी बसविलेली असते की दुसरे काही करणे शक्यच होत नाही. डोळ्यांची गरज नाही हे न्यायालयाचे निरीक्षण इथे आणखी एक पाऊल पुढे जाते.

पण विडीच्या छाटीपेक्षा इथली छाट मूलतः वेगळी आहे, आणि या विवेचनाचा कणा तोच आहे. विडी छाटली जाते तेव्हा विडी वळणारी छाटली जात नाही. ती ठेकेदाराशी भांडू शकते, कारण भांडणाचा विषय तिच्या बाहेर, सुपात पडलेला आहे. चार जणी त्या विडीकडे पाहून सांगू शकतात की ती चांगली आहे. संगणकाच्या कामात वस्तू अशी हातात येत नाही. दहा जणांनी लिहिलेल्या, शंभर जणांनी दुरुस्त केलेल्या, ग्राहकाच्या मालकीच्या आज्ञावलीत कोणाचा वाटा किती हे ठरविणे अवघड; म्हणून वस्तूऐवजी माणसाचीच प्रतवारी होते. वार्षिक मूल्यमापनात सगळ्यांना घंटेच्या आकाराच्या आलेखावर बसविण्याची पद्धत, ज्या पद्धतीत सगळ्यांनी चांगले काम केले तरी काहींना तळाशी जावेच लागते, ती पुढे अनेक कंपन्यांनी सैल केली; पण तिने एका पिढीला शिकविले ते शिकविले. हातात प्रकल्प नसला की माणूस 'बेंचवर' असतो. हा शब्द खेळाच्या मैदानावरून आला आहे, आणि त्यात राखीव खेळाडूची आशा व लाज दोन्ही आहेत. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आपल्या मनुष्यबळापैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक माणसे कमी करण्याचे जाहीर केले. पुण्यात स्थापन झालेल्या नॅसेन्ट इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी एम्प्लॉईज सिनेट या संघटनेने सरकारदरबारी तक्रारी केल्या. १९८२ च्या तुलनेत बाकी शांतता होती.

या शांततेचे स्पष्टीकरण 'मध्यमवर्गीय भित्रेपणा' असे देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण ते उथळ ठरेल. छाट माणसावर आली की ती त्याला अन्याय म्हणून न जाणवता अपयश म्हणून जाणवते. अन्याय दुसऱ्याला सांगता येतो. अपयश लपवावे लागते, प्रथम सहकाऱ्यांपासून आणि मग घरापासून. सामाजिक तुटलेपण येते ते या लपविण्यातून. महानगर, उंच इमारती आणि रात्रपाळी ही त्याची पार्श्वभूमी आहे, कारण नव्हे. २०२० च्या टाळेबंदीत हजारो संगणक कर्मचारी आपापल्या गावी परतले आणि घरून काम करू लागले, तेव्हा ही गोष्ट सिद्ध झाली. महानगर सुटले, भोवती आईबाप, भाऊबंद आणि ओळखीची बोली आली, काम मात्र तितकेच अदृश्य आणि छाटीची भीती तितकीच खासगी राहिली. एकाच घरात एकीची छाट सगळ्यांसमोर सुपात पडलेली आणि दुसऱ्याची बंद दाराआड, कानाला हेडफोन लावून ऐकलेली.

तिरोड्याचे विद्युत केंद्र या विवेचनात कुठे बसते? रॉबर्ट ब्लॉनरने 'एलिअनेशन अँड फ्रीडम' (१९६४) या ग्रंथात छपाई, कापड, मोटार आणि रसायन या चार उद्योगांची तुलना करून असा सिद्धांत मांडला होता की, तंत्रज्ञान वाढत जाते तशी परात्मता आधी वाढते आणि सलग प्रक्रियेच्या स्वयंचलित उद्योगात पुन्हा उतरते. कारण तिथला कामगार नियंत्रणकक्षात बसून संपूर्ण प्रक्रिया पाहतो, निर्णय घेतो आणि जबाबदार असतो. औष्णिक केंद्राचा नियंत्रणकक्ष हे या सिद्धांताचे पाठ्यपुस्तकी उदाहरण व्हावे. पण ब्लॉनरने मोजली ती कक्षातली माणसे. भारतातील औष्णिक केंद्रांत कोळसा हाताळणे, राख काढणे, साफसफाई ही कामे बहुधा कंत्राटी मजुरांकडे असतात, आणि ते नियंत्रणकक्षाच्या पडद्यावर दिसत नाहीत. परात्मता उतरली नाही, ती भिंतीपलीकडे गेली. संगणक उद्योगातही हेच घडते : आज्ञावली लिहिणाऱ्याला आपले काम सर्जनशील वाटते, आणि ते पुष्कळदा असतेही, त्याच्या सर्जनासाठी लक्षावधी चित्रांना नावे देणारा हात त्याला दिसत नाही. ब्लॉनरवर याहून अधिक वेळ घालविण्याचे कारण नाही.

साहित्याचा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे. नव्वदोत्तर मराठी कवितेने जागतिकीकरणाची दखल घेतली नाही असे कोणी म्हणणार नाही. हेमंत दिवटे यांच्या 'चौतिशीपर्यंतच्या कविता' (२००१) आणि 'थांबताच येत नाही' (२००६) या संग्रहांनी वस्तूंच्या, जाहिरातींच्या आणि वेगाच्या भाषेला कवितेत आणले; अरुण काळे यांच्या 'नंतर आलेले लोक' (२००६) या संग्रहाने या नव्या जगात उशिरा पोचलेल्यांच्या बाजूने तीच भाषा उलटी वापरली. काळे यांची कविता या बाबतीत अधिक तीक्ष्ण आहे, कारण दारात अडविले जाण्याचा अनुभव तिला ठाऊक आहे. तथापि या कवितेतील माणूस बहुतेक वेळा बाजारात भेटतो, कामावर भेटत नाही. तो विकत घेतो, पाहतो, ओढला जातो. तो काय बनवितो हे कळत नाही. परात्मतेचा अनुभव उपभोगाच्या बाजूने लिहिला गेला आणि उत्पादनाची बाजू रिकामी राहिली.

ती भरून काढण्याच्या सर्वांत जवळ आलेली मराठी कादंबरी संगणकाविषयीची नाही. रमेश इंगळे उत्रादकर यांच्या 'निशाणी डावा अंगठा' (२००५) मध्ये विदर्भातल्या खेड्यापाड्यांतील शिक्षक साक्षरता अभियानाच्या कामाला जुंपलेले आहेत. बैठका, परिपत्रके, तक्ते, अहवाल, उद्दिष्टे यांचा एक अखंड ओघ या कादंबरीत वाहतो आणि त्या ओघात निरक्षर माणूस साक्षर होण्यापेक्षा तो झाल्याची नोंद होणे हेच काम ठरते. या कादंबरीचे बहुतेक परीक्षण व्यवस्थेवरील उपहास म्हणून झाले. ते बरोबर आहे, पण अपुरे आहे. तिचे खरे यश असे की तिने निरर्थक झालेल्या कामाचे तास, त्यांच्या सगळ्या कंटाळ्यासह, कथनाचा विषय केले. आणि ते करताना एकाकीपणाचा सूर लावला नाही. तिच्यातले शिक्षक टोळीने फिरतात, चहा पितात, एकमेकांची टर उडवितात. अर्थहीनता आहे, सत्ताहीनता आहे, एकाकीपण नाही. म्हणून ती विनोदी होऊ शकली. सकाळच्या 'स्टँड-अप' बैठकीत काल काय केले आणि आज काय करणार हे सांगणाऱ्या, आणि प्रत्येक कामाचे 'टिकिट' बंद करीत जाणाऱ्या तरुण अभियंत्यांच्या जगाला मराठीत सर्वांत जवळचा आरसा या शिक्षकांचाच आहे. फक्त त्या जगात टर उडवायला बाजूला कोणी मोकळेपणाने बसलेले नसते.

यावर असा आक्षेप येऊ शकतो की, संगणकाचे काम इंग्रजीत चालते, त्याला मराठी शब्दच नाहीत. मग मराठी लेखकाने ते लिहावे कसे? हा आक्षेप वाटतो तितका भक्कम नाही. गिरणीची भाषा तरी कुठे शुद्ध मराठी होती? जॉबर, बॉबिन, डॉफर हे शब्द मँचेस्टरहून आले आणि लालबाग-परळच्या चाळीत मराठी झाले. ते मराठी झाले कारण त्यांच्यावरून भांडणे झाली, शिव्या दिल्या गेल्या, गाणी रचली गेली. 'छाट' हा शब्द व्यापाऱ्यांच्या हिशेबातून अधिसूचनेत गेला तो विड्या वळणाऱ्यांच्या भांडणामुळेच. शब्द परका असल्याने काम मुके होत नाही. ते शब्द एकट्याने, मनात, इंग्रजीतूनच उच्चारावे लागतात म्हणून ते मुके होते. 'अप्रेझल' या शब्दावर अजून कोणी मोठ्याने भांडलेले नाही. तो मराठी व्हायचा राहिला आहे.

दुसरा आक्षेप नैतिक आहे, आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. लाखांत वेतन घेणाऱ्या अभियंत्याची तुलना हजारी दराने विड्या वळणाऱ्या बाईशी करणे म्हणजे तिच्या दुःखाची चेष्टा नव्हे काय? तुलना दुःखाची असती तर ती चेष्टाच ठरली असती. तुलना आहे ती कामाच्या घडणीची. शिवाय हे दोघे परस्परांना परके नाहीत. १९७६ च्या कायद्याने विडी कामगार कल्याण निधी उभा राहिला, त्यातून विडी कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्त्या मिळत आल्या. आईच्या ओळखपत्रावर शिष्यवृत्ती घेऊन अभियंता झालेला मुलगा ही विडीपट्ट्यात कल्पनेची भरारी नव्हे. त्याचे वेतन तिच्या श्रमाची पुण्याई आहे असे घरात म्हटले जाते, आणि म्हणूनच आपल्या वाट्याला आलेली छाट तो तिला सांगू शकत नाही. वर्ग बदलला आहे. नाकारले जाण्याची भीती वारशाने आली आहे, आणि तिच्याशी भांडण्याची रीत मात्र वारशात आली नाही.

इथे कथनाचा प्रश्न समोर येतो, आणि तो केवळ तंत्राचा नाही. ज्याला आपली छाट अपयश वाटते तो प्रथमपुरुषी निवेदक झाला तर कथा त्याच्या मनातच कोंडून राहते. मराठीतील एकाकी नायकांच्या रांगेत आणखी एकाची भर पडते आणि काम पुन्हा अदृश्य होते. रा. रं. बोराडे यांनी 'पाचोळा' (१९७१) मध्ये गावातील शिंप्याची गोष्ट शिंप्याच्या तोंडून सांगितली नाही, ती त्याच्या बायकोच्या तोंडून सांगितली. यंत्रावर बसणारा तो, पण त्याच्या धंद्याचे काय होते आहे हे दिसते तिला, कारण ती ते बाहेरून आणि जवळून पाहते. संगणकाच्या कामाचा असा साक्षीदार मराठी कादंबरीला अजून मिळालेला नाही. तो बहुधा हिंजवडीत नसावा. तिरोड्याच्या एखाद्या ओसरीत, मांडीवर सूप घेऊन, बंद दाराआडून येणारा मुलाचा दबका इंग्रजी आवाज ऐकत बसलेल्या बाईला त्या भाषेतला एकही शब्द कळणार नाही. पलीकडून काय छाटले जात आहे ते मात्र तिला त्या आवाजावरून कळेल.